पालकांच्या स्वखुशीने

दुबईतल्या देऱ्याच्या बाजारात दुकानांच्या पाट्यांना गुण देत हिंडणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे होते. नव्वदच्या दशकात रशियाकडचे व्यापारी रिकाम्या पिशव्या घेऊन दुबईत उतरू लागले आणि फुगलेल्या पिशव्या घेऊन परत जाऊ लागले. त्यांच्या सोयीसाठी आमच्या बाजारातल्या सिंधी, इराणी आणि केरळी दुकानदारांनी रशियन अक्षरांत पाट्या रंगवून घेतल्या. रंगवणारा पेंटर बांगलादेशी. अक्षरे तो चित्र काढावे तशी काढी. हे गृहस्थ प्रत्येक पाटीसमोर हात पाठीमागे बांधून उभे राहत, ती शेवटपर्यंत वाचत, आणि खिशातल्या लाल खडूने दाराच्या चौकटीवर एक आकडा लिहून पुढे जात. पाच म्हणजे उत्तम, दोन म्हणजे नापास. एक गुण देण्याइतका वाईट विद्यार्थी आपण जन्मात पाहिला नाही, असे ते म्हणत.

दोन मिळालेला, फरचे कोट विकणारा एक सिंधी सेठ अंगावर धावून आला, तेव्हा त्यांनी त्याला शांतपणे सांगितले, "सेठ, तुझी पाटी म्हणते की आत जिवंत जनावरं मिळतात." सेठने पाटी पुन्हा रंगवली. चार मिळाले. तो चार त्याने झाडूवाल्याला कधी पुसू दिला नाही.

त्यांना आम्ही मास्तर म्हणत असू. त्यांचे नाव मी येथे देत नाही. ज्या लोकांतले ते होते त्या लोकांचेही नाव देत नाही. दागेस्तानच्या डोंगरात त्या लोकांची इतकी थोडी गावे आहेत की, लोकांचे नाव उच्चारले तर माणूस कोण हे तिकडच्या कोणालाही कळेल.

मी त्याच बाजारामागच्या गल्लीत, एका टायपिंगच्या दुकानात अर्ज लिहीत असे. दुकान केरळी मालकाचे, अरबी टाइप करणारा सुदानी, आणि मागच्या टेबलावर मी. परिस्थितीमुळे माझे शिक्षण नववीवर थांबले. तथापि अर्ज लिहिण्याची विद्या शाळेत मिळत नाही. मजुराने हिंदीत, मालवणीत किंवा नुसते रडून सांगितलेली हकिकत साहेबाच्या टेबलापर्यंत अब्रूनिशी पोहोचवणे हे माझे काम, आणि ते मला साधते असे जबल अली बंदरापासून पार रुवैसच्या रिफायनरीपर्यंतचे लोक मानत. ते मला वकीलसाहेब म्हणत. मीही त्यांना कधी दुरुस्त केले नाही.

मास्तरांची मुलगी शेजारच्या कार्गो ऑफिसात भागीदार होती. तिच्याकडे गर्दी फार, म्हणून मास्तर दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन बसत. भर उन्हाळ्यात अंगात जाड लोकरी कोट आणि डोक्यावर मेंढीच्या कातड्याची टोपी. "बाहेर उन्हाळा आहे, पण दुकानात तुम्ही हिवाळा लावून ठेवता," असे ते म्हणत. सुलेमानी चहात साखर घालून घेत नसत. खडीसाखरेचा खडा दातांत धरून त्यावरून चहा ओढत. आमचे बोलणे हिंदीत होई. त्यांची हिंदी दुकानातल्या नोकरांकडून उचललेली. ती जशीच्या तशी लिहिली तर वाचकांस ते विदूषक वाटतील, आणि विदूषक ते नव्हते; म्हणून मराठी करून लिहितो.

बाजार त्यांना रशियन समजे. खरे पाहता आमच्याकडे येणाऱ्या रशियन बोलणाऱ्यांत रशियन थोडेच असत. उझबेक, आर्मेनियन, कझाक, तातार असे नाना लोक, आणि भाव करायला सगळ्यांची भाषा एक. मी एकदा म्हणालो, "आमच्या लेबर कॅम्पात हिंदी, तशी तुमच्यात रशियन."

"नाही, वकीलसाहेब," मास्तर म्हणाले. "हिंदी तुमच्या कॅम्पात पायी चालत आली. रशियन आमच्या गावात जीपमधून आली. आणि तिचं सामान उतरवून आत नेणारा मीच होतो."

अर्जाच्या शेवटी एक वाक्य घालण्याची माझी पद्धत आहे: 'सदर अर्ज मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय करीत आहे.' हे वाक्य मी मोठ्याने म्हणत लिहू लागलो की मास्तर सरसावून बसत आणि अर्जदाराला विचारत, "किसने बोला?" कोणी सांगितलं लिहायला?

जबल अलीचा एक मालवणी क्रेनवाला माझे नेहमीचे गिऱ्हाईक. तो एकदा सुट्टी पुढे ढकलण्याचा अर्ज लिहायला आला होता. त्याने प्रश्न ऐकला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "वकीलसाहेब, ह्येंका सांगा, कंपनीन सांगितल्यान. नायतर व्हिसा कॅन्सल."

मी भाषांतर केले. मास्तरांनी मान डोलावली. "हं. लिहा, स्वखुशीने."

एके दिवशी पुण्याचे एक बँकेतले गृहस्थ आले. ऊद मेथा भागातल्या शाळेत त्यांच्या मुलाला तिसरी भाषा मराठी होती. ती सोडून फ्रेंच घ्यायची होती आणि शाळेने पालकांचा अर्ज मागितला होता. मास्तरांनी आपला प्रश्न विचारला.

"कोणी कशाला सांगायला हवं? माझा निर्णय आहे," गृहस्थ म्हणाले. "आणि मुलगाच म्हणतो, इट्स सो बोअरिंग."

"घरात म्हातारं कोण आहे?"

"आई आहे. पुण्याला. त्याचा इथे काय संबंध?"

"ती फोनवर मुलाशी काय बोलते?"

"बोलते की. कसा आहेस, जेवलास का."

"आणि त्याच्यानंतर?"

गृहस्थांनी मला विचारले, "हे तुमच्या ऑफिसचे आहेत का?" मी नाही म्हणालो आणि अर्ज पुरा करून दिला. ते गेल्यावर मास्तरांनी चहा बाजूला सारला आणि मला आपली हकिकत सांगितली.

त्यांच्या आजोबांची पिढी आपली भाषा अरबी अक्षरांत लिही. सरकारने ती अक्षरे बंद करून इंग्रजीसारखी अक्षरे आणली. वडील ती शिकले. ती रुळतात न रुळतात तोच तीही गेली आणि रशियन अक्षरे आली; मास्तर ती शिकले. एका घरातल्या तीन पिढ्या, आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येईना. "माझी आई लहानपणी आजोबांची अक्षरं शिकली होती; ती या बाजारात आली असती तर तिने सगळ्या अरबी पाट्या वाचून दाखवल्या असत्या," ते म्हणाले. "मला तुमच्या त्या बांगलादेश्याच्या तेवढ्या वाचता येतात."

पुढे अक्षरांवरून गोष्ट भाषेवर आली. मास्तर तेव्हा गावच्या शाळेचे तरुण हेडमास्तर होते. जिल्ह्याहून निरीक्षक आला. त्याने सांगितले की, मुलांनी कोणत्या भाषेत शिकायचे हे आता पालकांनी ठरवायचे आहे. सक्ती कोणावर नाही. ज्यांना रशियन हवी त्यांनी अर्ज करावा.

"आणि अर्ज किती यायला हवेत, तेही त्याने सांगितलं," मास्तर म्हणाले. "सगळे."

"मग?"

"मग काय. मी लिहिले. गावाला रशियन येत नव्हती. आम्हाला रशियन शिकवा, असा अर्ज रशियनमध्ये, ज्यांना रशियन येत नाही त्यांच्या नावाने. खाली अंगठे. पालकांच्या स्वखुशीने."

सबंध गावाचे अर्ज एकट्या माणसाने लिहावेत, ही गोष्ट माझ्या व्यवसायातल्या माणसाला थक्क करणारी आहे, आणि तसे मी बोलून दाखवले. मास्तर हसले नाहीत.

"मला ते खोटं वाटत नव्हतं, वकीलसाहेब. रशियनमुळे मी डोंगर उतरलो, कॉलेज पाहिलं, समुद्र पाहिला. मला वाटे, मी लोकांना दार उघडून देतोय. सगळ्यांत वरचा अर्ज मी माझ्या मुलीचा ठेवला. आईने विचारलं, काय लिहिलंस? मी सांगितलं. ती म्हणाली, मग ही माझ्याशी कशात बोलेल? मी म्हणालो, तू शीक रशियन."

शाळेत मग मधल्या सुट्टीतही घरची भाषा बोलायची मनाई झाली. बोलणाऱ्याला मास्तर कोपऱ्यात उभे करीत. वर्षाअखेरीस वर अहवाल जाई: सर्व विद्यार्थी रशियन उत्तम जाणतात. प्रत्यक्षात अर्धा वर्ग गप्प बसे. गप्प मुलाला चूक करता येत नाही, म्हणून त्यालाही पाच. मास्तरांची पत्नी दुसऱ्या खोऱ्यातली, तिची भाषा निराळी. त्यामुळे घरातही रशियनच राहिली. मुलगी सातव्या वर्षी शहरातल्या वसतिगृहात गेली आणि आजीची भाषा तिच्या कानावरून कायमची उठली.

मुलीला याचे काही वाटत नसे. ती कामाची, हसरी बाई होती. हातात सदोदित चिकटपट्टीचे रीळ. माझ्यासमोर ती एकदा म्हणाली, "पापा उगाच रडतात. त्या अर्जामुळेच मी इथे आहे. आजीच्या भाषेत या बाजारात कोणाला काय विकणार? खलास, दुकान बंद."

"ते खरं आहे," मास्तर म्हणाले, "आणि खरं आहे म्हणूनच वाईट आहे."

म्हातारी आई गावातच होती, आणि शुक्रवार तिचा असे. गावात फोन एकच, पोस्टात. ती दुपारी तिथे येऊन बसे, आणि इकडे मास्तर मुलीला घेऊन बाजाराच्या तोंडाशी असलेल्या टेलिफोन बूथच्या रांगेत उभे राहत. आपली भाषा ते आठवड्यातून तेवढीच बोलत, आणि डोंगरावरून डोंगरावर हाक मारावी तशी बोलत. घशातून बदाम फोडल्यासारखे आवाज निघत. रांगेतले लोक आपले बोलणे थांबवून ऐकत. क्रेनवाला मला म्हणाला, "मास्तर आवशीवांगडा भांडतत काय?" आवस म्हणजे आई.

"भांडत नाहीत. ती भाषाच तशी आहे."

"मगे आमच्या आवशीक बरी कळात," तो म्हणाला.

म्हातारीची मागणी प्रत्येक शुक्रवारी एकच असे, आणि मास्तर ती मला सांगत: "पोरीला दे. तू बाजूला हो." तिला नातीशी बोलायचे होते, मधे मुलगा नको होता. तिचे वय झाले होते, आणि सांगण्यासारखे जे होते ते तिला मुलाला सांगायचे नव्हते. मास्तर रिसीव्हर सोडत नसत. ती बोले, ते रशियनमध्ये सांगत. मुलगी बोले, ते उलटे सांगत. "काय सांगायचंय ते मला सांग, मी तिला सांगतो," असे म्हटले की म्हातारी गप्प होई.

शेवटी त्यांनी मुलीला भाषा शिकवायला घेतली. कार्गो ऑफिसात, गठ्ठ्यांवर बसून. ज्या माणसाने सबंध गावाच्या गळी रशियन उतरवली, त्याला एका बाईच्या तोंडी आपली भाषा बसवता येईना. मुलगी हसे. "पापा, हा शब्द आहे की खोकला?" मधेच गिऱ्हाईक येई, ती रशियनमध्ये ओरडत उठे, परत येईपर्यंत शिकलेले उडून गेलेले असे. मास्तरांनी एका खोक्यावर लाल खडूने दोन लिहिले. ते खोके तसेच विमानात चढले.

"आईला काय सांगितलंत?" मी विचारले.

"पाच."

"खोक्यावर तर दोन होते," मी म्हणालो.

"सवय," ते म्हणाले. "वर कळवायचं असलं की हात आपोआप पाच लिहितो. आणि ती खूश झाली, वकीलसाहेब. दर आठवड्याला विचारते, आता किती येतं? मी म्हणतो, भरपूर. उन्हाळ्यात हिला गावी नेतो. तोवर शिकेल, इन्शाल्ला."

तो उन्हाळा येण्यापूर्वी रुवैसच्या रिफायनरीत डागडुजीचे मोठे काम निघाले. रशियन बोलणारे वेल्डर आले होते आणि त्यांना दुभाष्या हवा होता. मास्तर कंपनीच्या बसने गेले. गावच्या पोस्टमास्तरला रशियन येत होती. शुक्रवारी मुलीने बूथवर जाऊन त्याला एवढेच सांगायचे ठरले होते की, पापा कामावर आहेत, पुढच्या आठवड्यात बोलतील.

ते परत आले तेव्हा आई गेली होती, तिचे दफनही झाले होते. मुलीने त्यांना कार्गोच्या गर्दीतून हाताला धरून माझ्या टेबलापाशी आणून बसवले. बाजारात इतकी वर्षे काढल्याने साधी रशियन मला समजू लागली होती, आणि त्या दिवशी ती दोघे फार साधे बोलली.

"तू बोललीस तिच्याशी?"

"पोस्टमास्तरला निरोप देत होते. आजीने फोन त्याच्या हातातून घेतला. बोलत राहिली. खूप वेळ."

"काय म्हणाली?"

"पापा, मला काय माहीत?"

"एखादा शब्द. कोणताही. मी शिकवलेल्यांपैकी."

"तिच्या तोंडून वेगळेच वाटत होते सगळे."

मास्तर वर्गात तोंडी परीक्षा घ्यावी तसे विचारू लागले. रागावली होती का? नाही. रडली? नाही, पण आवाज हळू होता. मधे थांबली?

"थांबली. एकदा खूप बोलून थांबली. मग परत बोलून थांबली."

"तू काही बोलशील म्हणून?"

"बहुतेक."

"मग तू काय म्हणालीस?"

मुलीने रीळ टेबलावर ठेवले. "दा म्हणाले. दा, दा. दुसरं काय म्हणणार होते? म्हातारी आहे, बरं वाटेल."

दा म्हणजे हो. तेवढी रशियन म्हातारीलाही येत होती.

केरळी मालकाने काही न विचारता फोनचे आयएसडीचे कुलूप काढून दिले. मास्तर पोस्टमास्तरशी आपल्या भाषेत बोलले, त्या दिवशी मात्र अगदी खालच्या आवाजात. रिसीव्हर ठेवून त्यांनी ऐकलेले आम्हाला सांगितले. म्हातारीने पोस्टमास्तरला बाहेर काढले होते. घरातले बोलणे आहे म्हणाली. तो दार लावून सिगारेट ओढत उभा होता, त्याने काही ऐकले नाही. ती बाहेर आली तेव्हा चेहरा उजळला होता. त्याला म्हणाली, "पोरीला सगळं समजलं. ती हो म्हणाली."

सुदान्याने टाइप करणे थांबवले.

मग मास्तर माझ्याकडे वळले. "वकीलसाहेब, तुमच्याकडे इतक्या लोकांच्या घरच्या गोष्टी येतात. आया काय मागतात?"

विचारणारा माणूस अनुभवी माणसाला विचारत होता, म्हणून मी विचार करून उत्तर दिले. छप्पर दुरुस्त करा म्हणतात. बहिणीला तिचा वाटा द्या म्हणतात. कोणाशी अबोला असेल तर सोडा म्हणतात. माझ्या कबरीकडे लक्ष ठेवा म्हणतात. आणि बहुतेक जणी म्हणतात, तुम्ही परत या.

प्रत्येक गोष्टीला मास्तर मान हलवत गेले. सगळेच त्यांच्या घरी लागू होते. छप्पर गळके होते. त्यांच्या बहिणीला शेत मिळाले नव्हते. चुलत घराशी बोलणे बंद होते.

"पापा," मुलगी म्हणाली, "कदाचित तिने एवढंच विचारलं असेल, तिकडे फार गरम आहे का?"

"असेल," मास्तर म्हणाले. "माहीत नाही. माहीत नाही म्हणून सगळंच करावं लागेल. आपल्या घराने तिला हो म्हटलंय."

मी त्यांना थांबवण्याचा प्रयत्न केला. ज्या विनंतीचा मजकूर उपलब्ध नाही, तिची मंजुरी बंधनकारक होत नाही, असे मी त्यांना समजावले. कायद्याने ते बरोबरच आहे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या आठवड्यातच व्हिसा रद्द करून ते गेले. एवढा रशियन शिकलेला माणूस, ज्याला या बाजारात दर दुकानाने मान दिला, तो आपल्या त्या गावात परत गेला, जिथे त्याच्या वयाची माणसेसुद्धा आता मुलांशी रशियनच बोलत होती.

पुढे काही वर्षांनी, रशियन पाट्यांतल्या निम्म्या उतरल्या होत्या तेव्हा, त्यांची मुलगी व्हिसाच्या कामासाठी दुकानात आली. मी मास्तरांची चौकशी केली.

"छप्पर झालं," ती म्हणाली. "आत्याला शेत दिलं. चुलत घरी जाऊन जेवून आले. आजीच्या दोन मैत्रिणी जिवंत आहेत, त्यांच्याकडे जाऊन बसतात, तिने कधी काही म्हटलं होतं का म्हणून विचारतात. त्या काहीतरी आठवून सांगतात, मग तेही करतात. एकदा म्हणे अंगणातली चूल उजवीकडे हलवली."

"तब्येत?"

"ठीक. एकेक काम झालं की पोस्टात येऊन मला फोन करतात. विचारतात, हेच असेल का गं? तूच ऐकलं होतंस."

"मग तुम्ही काय सांगता?"

तिने पर्स मिटली. "काय सांगणार? हो म्हणते."